भीती येते

"उडी मार!" पोहण्याचे सर पुन्हा ओरडले, तशी गोटी फळीच्या टोकावरून मागे वळली आणि शांतपणे शिडी उतरून खाली आली.

तिने सरांकडे बघितलं नाही, रांगेतल्या मुलांकडेही नाही. तलावाच्या कडेला गुडघे टेकून बसली, दोन्ही हात काठावर रोवले आणि कान बुडेपर्यंत तोंड पाण्यात घातलं. रांगेत खसखस पिकली. "भित्री भागूबाई!" कुणीतरी मागून म्हणालं आणि लगेच सगळ्यांनी ते उचललं. गोटी वर आली, नाक शिंकरलं, तळहात छातीवर ठेवून जरा अंदाज घेतला आणि परत तोंड पाण्यात घातलं. या वेळी वर आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता.

"गेली," ती म्हणाली.

मग शिट्टीची वाट न बघता ती फळीवर चढली आणि तिने असा सूर मारला की काठावर उभ्या असलेल्या सरांचा सदरा भिजला.

बाकावर टॉवेल घेऊन बसलेल्या तिच्या आईकडे सर आले. "पोरगी पोहते झकास," सदरा झटकत ते म्हणाले, "पण ऐन वेळी गाळण उडते हिची. दर आठवड्याला हेच. ही भीती वेळीच मोडून काढायला हवी, ताई."

आईने मान डोलावली. मान डोलावण्याचा तिला एव्हाना सराव झाला होता. वर्गशिक्षिकेसमोर डोलावून झाली होती, शेजारणीसमोर झाली होती, एका वाढदिवसाला तर मेणबत्त्या विझवायच्या सोडून गोटी फतकल मारून बसली तेव्हा जमलेल्या सगळ्याच आयांसमोर झाली होती.

कपडे बदलायच्या खोलीत तिने गोटीचे केस खसाखसा पुसले.

"काय झालं होतं मघाशी?"

"भीती आली होती."

"भीती वाटली होती," आई म्हणाली. "भीती येत नाही, वाटते."

"येते."

"अगं, राग येतो, कंटाळा येतो, झोप येते. भीती वाटते."

"राग येतो, तर भीतीने काय केलंय?"

"तसं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

"मी नाही म्हणत," टॉवेलच्या आतून गोटी म्हणाली.

जन्मली तेव्हा ही मुलगी गोल गरगरीत होती म्हणून बापाने तिला गोटी म्हटलं. पुढे ती काडीसारखी सडसडीत झाली, दुसरीत गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. हट्टाच्या बाबतीत मात्र ती गोटीच होती. कशीही दाबा, चेपायची नाही. आणि आई शाळेत भाषा शिकवायची. चुकीचं क्रियापद कानावर पडलं की तिला घासात खडा लागल्यासारखं व्हायचं. त्यामुळे एका घरात राहून या दोघींचं या एका वाक्यावरून वर्षभर वाजत होतं. एक येते म्हणायची, दुसरी वाटते म्हणायची, आणि मधल्या मधे भीतीकडे बघायला कुणाला सवड झाली नव्हती.

तसं बघितलं तर भित्रेपणाची एकही खूण या मुलीत नव्हती. अंधारात ती खुशाल वावरायची. शेजारच्या कुत्र्याने चेंडू पळवला तेव्हा तिने त्याच्या जबड्यात हात घालून तो काढला होता, आणि वर त्यालाच दम दिला होता. "हिला घाबरवायला जो जाईल, त्याचीच पाचावर धारण बसेल," असं तिचा बाप म्हणायचा. पण झोक्यावर, चित्र काढताना, धावण्याच्या शर्यतीत अगदी पुढे असताना ती मधेच थांबायची, "भीती आली" म्हणून खाली बसायची आणि थोड्या वेळाने काहीच न झाल्यासारखी उठायची. बालरोगतज्ज्ञांनी छाती, पोट, घसा सगळं तपासून ठणठणीत असल्याचं सांगितलं. "मोठी झाली की जाईल," ते म्हणाले. "तुम्हीच फार काळजी करता, आई. मुलांना ते बरोबर कळतं." आणि त्यांनी तिला समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं.

त्या बाईंची खोली छान होती. भिंतीवर हसऱ्या, रडक्या, रागावलेल्या चेहऱ्यांचा तक्ता होता, आणि बसायला मऊ उशा. बाईंनी आवाजही मऊ लावला.

"तुला कशाची भीती वाटते, बाळा?"

"कशाचीच नाही."

"अंधाराची?"

"नाही."

"कुणी ओरडतं का तुला? त्याची?"

"आई ओरडते. पण तिची कसली भीती!"

कोपऱ्यात बसलेल्या आईने खिडकीबाहेर बघितलं.

"मग तू सारखी म्हणतेस ती भीती कशाची?"

"कशाची नाही हो," गोटी आता वैतागली होती. "नुसती येते. मग जाते."

"बरं. मग तिचं चित्र काढून दाखवतेस?"

गोटीने लाल खडू घेतला आणि कागदावर एक वर्तुळ काढलं. मग त्याच रेषेवरून परत, परत, परत, इतक्या जोरात खडू फिरवला की कागद फाटला. "पळते ती," तिने सांगितलं आणि दुसरा कागद मागितला. त्यावर तिने कुत्रा काढला.

बाहेर येऊन बाई आईला हळू आवाजात म्हणाल्या, "ती मान्य करत नाहीये. खोलवर काहीतरी दडलेलं आहे. घरात काही ताण आहे का?"

घरात ताण नव्हता. त्या दिवसापासून सुरू झाला. आईबाप एकमेकांशी फार जपून, गोड बोलायला लागले, आणि त्या गोडव्याला कंटाळून गोटी वरचेवर शेजारच्या कुत्र्याकडे जाऊन बसायला लागली.

त्यानंतर काही आठवड्यांनी आईचा सहावीवर तास होता. वाक्प्रचार, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. हा धडा तिने इतक्या वेळा शिकवला होता की फळ्याकडे न बघता लिहू शकायची. पोटात गोळा येणे. काळजाचं पाणी होणे. छातीत धडधडणे. तिन्हींच्या पुढे एक मोठा कंस काढून तिने लिहिलं, भीती वाटणे.

"वाक्प्रचार कधीही शब्दशः घ्यायचा नाही," ती नेहमीप्रमाणे म्हणाली. "कान फुंकणे म्हणजे कानात फुंकर मारणे नव्हे. हात मारणे म्हणजे शेजारच्याला चापट मारणे नव्हे. ऐकताय ना, शेवटचा बाक?"

शेवटच्या बाकावरून शाळेच्या धावण्याच्या संघातल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, पण मी मैदानाला चकरा मारून आले की माझ्या छातीत धडधडतं. तेव्हा मी काही घाबरलेली नसते."

"तेव्हा तो वाक्प्रचार नसतो," बाई म्हणाल्या. "तेव्हा तुझी छाती खरोखरच..."

खडू फळ्यावरच थांबला. 

"तेव्हा ते शब्दशः असतं," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या. आपल्या बाई तासाला कधी बसत नाहीत, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. पुढच्या बाकावरची मुलगी पाण्याची बाटली घेऊन उठली.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून आई घरी आली. गोटी नुकतीच शाळेतून येऊन एका पायातला मोजा काढून दुसऱ्याचा विसर पडल्यासारखी बसली होती. आई तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"गोटी, भीती कुठे येते?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. कशाची, का, केव्हापासून, सगळं विचारून झालं होतं. गोटीने आईकडे जरा आदराने बघितलं.

"इथे." तिने आईचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला, डाव्या बाजूला. "इथे पळते. खूप जोरात. आत्ता नाहीये."

"दुखतं?"

"नाही. कधीकधी डोळ्यांपुढे ठिपके येतात. मग मी बसते."

"आणि याला भीती म्हणायचं, हे कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी. लिफ्टमध्ये."

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. संध्याकाळी ते हाताला ग्रीस फासून घरी आले तेव्हा दारातच त्यांना हा प्रश्न विचारला गेला. आधी काही आठवेना. मग आठवलं. गोटी अगदी लहान असताना ते तिला कामावर घेऊन गेले होते आणि एका इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. त्यांच्यासाठी ते रोजचंच होतं.

"कडेवर होती माझ्या," ते सांगायला लागले. "हिची छाती माझ्या छातीला लागत होती. अशी धडधडत होती, अशी धडधडत होती की मला वाटलं, लेकरू घाबरलं. म्हणून म्हटलं, काही नाही बाळा, याला भीती म्हणतात, येते आणि जाते..." ते थांबले.

"रडत होती?" आईने विचारलं.

"नाही."

"बिलगली होती?"

"नाही गं. उलट बटणं दाबायला मागत होती."

ते हात धुवायला गेले. ग्रीस केव्हाच निघालं असावं, तरी नळ बराच वेळ वाहत होता.

गोटीने कबूल केलं होतं की पुन्हा आली की सांगेन, आणि ती शब्दाला पक्की होती. "आई, आलीये! बघायची असेल तर लवकर ये!" एका सकाळी तिने हाक मारली. आई हातातलं काम टाकून धावली. गोटी टेबलापाशी बसून गणितं सोडवत होती. आईने तिच्या छातीवर हात ठेवला. बरगड्यांच्या आत काहीतरी इतक्या वेगाने चाललं होतं की एक ठोका कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे बोटांना कळेना. गळ्याजवळची शीर उडताना नुसत्या डोळ्यांना दिसत होती. गोटी मात्र हातचा एक धरून पुढच्या गणिताकडे वळली होती. आईच्या पोटात गोळा आला, आणि तो वाक्प्रचार नव्हता.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत अर्थातच सगळं शांत झालं होतं. हृदयाचा आलेख काढला, त्यातही काही दोष निघाला नाही.

"बघा," बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "मी म्हटलं होतं. मूल खेळून आलं, दचकलं, की ठोके वाढतात. त्यात तुम्ही स्वतः घाबरलेल्या. घाबरलेल्या माणसाला सगळंच जोरात लागतं हाताला."

आईने मान डोलावली नाही.

"मी घाबरलेली आहेच," ती म्हणाली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तिने इथेही लावला. "पण ही घाबरलेली नव्हती. ही गणितं करत होती. आम्ही दोघी वेगवेगळ्या आहोत, डॉक्टर. मला हृदयाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी हवी आहे."

"तशी काही गरज नाही."

"मग तेवढंच लिहून द्या. गरज नाही, आणि खाली सही."

डॉक्टरांनी पेन उचललं. कागदाकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग गोटीकडे. गोटीही त्यांच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी त्यांनी चिठ्ठी लिहिली, आणि लिहिता लिहिता आईबद्दल काहीतरी पुटपुटले. तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

हृदयाच्या डॉक्टर चष्मा डोक्यावर चढवून बसलेल्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आईला एकही प्रश्न विचारला नाही. स्टूल ओढून त्या थेट गोटीसमोर बसल्या.

"ती आली की तू काय करतेस?"

"बसते. नाहीतर पाण्यात तोंड घालते."

"कसल्या पाण्यात?"

"गार. गरम पाण्याने जात नाही, मी करून बघितलंय."

डॉक्टरबाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. एकदा पोहताना आली होती. खाली गेले तर गेली."

"हेच आम्ही आईबापांना शिकवतो," डॉक्टरबाई आता आईला म्हणाल्या. "चेहऱ्यावर एकदम गार पाणी आलं की हृदयाचा वेग उतरतो. बऱ्याच मुलांचा झटका तिथेच थांबतो. पण एकटीने नाही हं, आणि तलावाच्या काठावर तर मुळीच नाही. तिथे चक्कर आली तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. त्यांनी गोटीच्या छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, कमरेला एक छोटं यंत्र बांधलं आणि त्यावरचं बटण दाखवलं. आली की दाबायचं. गोटीला ही जबाबदारी फार आवडली. ती यंत्र घेऊन घरात फौजदारासारखी फिरली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र रंगवताना तिने बटण दाबलं.

यंत्राच्या कागदावर ते सगळं उमटलं होतं. मिनिटाला दोनशेच्याही वर. "हृदयात विजेची एक ठरलेली वाट असते," डॉक्टरबाईंनी समजावलं. "हिच्या हृदयात जन्मापासून एक गल्ली जास्तीची आहे. वीज पुढे जाते, त्या गल्लीतून मागे येते आणि गोल गोल फिरत राहते."

आईला लाल खडूने फाटलेला कागद आठवला. मुलीने सगळं नीट सांगितलं होतं, चित्र काढूनसुद्धा दाखवलं होतं. तिला स्वतःचा इतका राग आला की डॉक्टरबाईंची पुढची वाक्यं तिने ऐकलीच नाहीत. शेजारी बसलेल्या नवऱ्याने ती घरी जाऊन पुन्हा सांगितली. बहुतेक मुलं ठीक राहतात. पण झटके लांबत गेले तर हृदय थकतं, आणि भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी ते जिवावर बेतू शकतं. आधी औषध. पोहणं पूर्ण बंद.

पोहणं बंद हे ऐकल्यावर गोटीने घर डोक्यावर घेतलं. औषध कडू होतं त्याबद्दल तक्रार नाही, रक्त काढलं त्याबद्दल नाही, पण हे तिला मान्य नव्हतं.

"सगळ्यांना वाटेल, मी घाबरून सोडलं!"

"वाटू दे," बाबा म्हणाले. "आपल्याला ठाऊक आहे ना?"

"आपल्याला ठाऊक असून काय उपयोग? ते मला भित्री म्हणतात, आपण नाही म्हणत."

 मग आई तिला तलावावर घेऊन गेली. गोटी बुटांसकट शिडीची पहिली पायरी चढली. "बूट! बूट!" करत सर धावले, पण तोवर तिने बोलायला सुरुवात केली होती.

"मी भित्री नाही," ती तलावभर ऐकू जाईल असं म्हणाली. आवाज आईकडून आला होता. "मला येते ती भीती नाहीच. माझं हृदय पळतं. त्यात एक गल्ली जास्त आहे. डॉक्टरांनी यंत्र लावून बघितलंय, ज्याला खोटं वाटतंय त्याने जाऊन विचारा."

 तलावात बुडत्या-उगवत्या डोक्यांपैकी एकाने पोहण्याचा चष्मा वर केला. "म्हणजे तुला भीती वाटतच नाही?"

गोटीने प्रामाणिकपणे विचार केला. "अजून एकदाही नाही," ती म्हणाली.

ही बातमी तिच्या शाळेतही पोचली आणि तिने ती कुठेही खोडून काढली नाही. तिला ती आवडायला लागली होती.

औषधाने काही महिने बरे गेले. मग झटके परत आले, आणि या वेळी गार पाण्याला दाद देईनात. एक तर इतका लांबला की ओठ पांढरे पडलेल्या गोटीला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं आणि इंजेक्शन दिल्यावर तो थांबला. डॉक्टरबाईंनी आईबापाला समोर बसवलं. मांडीच्या शिरेतून एक बारीक तार हृदयापर्यंत न्यायची आणि ती जास्तीची गल्ली जाळून बंद करायची. त्यात धोका अगदी नाही असं नाही, पण आता थांबण्यात जास्त आहे. बाबांनी तारेची जाडी विचारली. ती विजेची असेल का, कुठून आत जाईल, कुणाच्या हातात असेल, सगळं विचारलं. लिफ्टच्या तारांबद्दल ते असंच विचारायचे. आईने एकच विचारलं, आम्ही कुठपर्यंत येऊ शकतो? दारापर्यंत, डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या दिवशी सकाळी गोटीला मागून बांधायचा हिरवा झगा घातला. तो तिला पायघोळ होत होता. एवढी मोठी माणसं गाडीवर झोपून कशाला जातात, असं विचारत ती ढकलगाडीवर चढली. वॉर्डातले मामा गाडी ढकलत होते. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला आई. बाबा मागून येत होते आणि सारखे बोलत होते. लिफ्ट आली तेव्हा त्यांनी आत नजर टाकून सगळ्यांना सांगितलं की ही उत्तम कंपनीची आहे, काही चिंता नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता.

वरच्या मजल्यावरचा लांब बोळ संपला आणि दुहेरी दार आलं. मामांनी कोपराने भिंतीवरचं बटण दाबलं. आतला गार वारा बाहेर आला. निळ्या उजेडात खूप यंत्रं दिसत होती, आणि तोंड बांधलेली माणसं. एकाचाही चेहरा दिसत नव्हता.

"थांबा," गोटी म्हणाली.

गाडी थांबली. सिस्टर वाकल्या. "काय झालं गं? आली का तुझी ती?" एव्हाना सगळ्या वॉर्डाला ती माहीत झाली होती. त्यांनी गोटीच्या पायाशी ठेवलेल्या, ठोके दाखवणाऱ्या छोट्या पडद्याकडे बघितलं. "नाही. ठोके जरा भरभर आहेत, पण अगदी लयीत."

गोटीने हात छातीवर ठेवला होता. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. अनोळखी पत्त्यावर आल्यासारखी ती आतल्या आत काहीतरी शोधत होती.

"ती नाहीये," ती म्हणाली. "ही पोटात पण आहे. आणि पायात पण."

मग तिने आईकडे बघितलं. आवाज एकदम लहान झाला होता, तलावावरचा तो आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक.

"आई, मला भीती वाटतेय."

आईने ते वाक्य ऐकलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. ते बरोबर असण्यापेक्षा जन्मभर चुकलेलं राहिलं असतं तरी चाललं असतं, असं तिला वाटलं, आणि तिने गाडीची दांडी घट्ट धरली.

"छे, छे," सिस्टर हसून म्हणाल्या. "असं कुठे असतं? तू तर शूर मुलगी! तूच सांगत होतीस ना सगळ्यांना, मला भीती वाटत नाही म्हणून? शूर मुलं घाबरत नाहीत. चल, हास बघू."

गोटीचे डोळे भरून आले. खोटं बोलताना पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"सिस्टर," आई म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज बोळभर घुमला, मामांनी चमकून वर बघितलं. "वाटू दे तिला. भीती वाटण्यासारखंच आहे हे. तिला हसायला सांगू नका."

सिस्टर बाजूला सरकल्या. बाबांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

आई वाकली. "कशाची वाटतेय?"

"आत जायची," गोटी म्हणाली. उत्तर तिच्याकडे तयार होतं. "आणि तुम्ही नसणार त्याची. आणि ते लोक कोण आहेत त्याची."

"हं. मलाही त्याचीच वाटतेय."

"तुला पण?"

"खूप. बाबांनाही."

गोटीने बाबांकडे बघितलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. या वेळी त्यांना लिफ्टबद्दल काही सुचलं नाही.

 मग ती छातीवर हात ठेवून, डोळे मिटून वाट बघत राहिली. झोक्यावर, शर्यतीत, तलावाच्या काठावर ती बसायची तशीच. कुणी तिला घाई केली नाही. आतून तोंड बांधलेलं एक माणूस डोकावलं, मामांनी त्याला हातानेच थांबायची खूण केली. बटणाने उघडलेलं दार आपोआप मिटायला लागलं तसं मामांनी ते पायाने अडवून धरलं.

बराच वेळ गेला. गोटीने डोळे उघडले आणि हात छातीवरून काढून घेतला.

"ही जात नाहीये," ती म्हणाली. "मामा, चला तसंच."